रस्ता आणि परवाना : फायरवॉलची कुळकथा

ऑफिसच्या नेटवर्कचे दोन भाग पाडायचे ठरतं. हिशोब विभागाचे कॉम्प्युटर १९२.१६८.१०.० च्या पट्ट्यात, प्रिंटर आणि कॅमेरे १९२.१६८.३०.० च्या पट्ट्यात. मध्ये फायरवॉल. दोन्ही पोर्टना पत्ते दिले, केबली लावल्या, दिवे लागले, आणि तरी इकडून तिकडे पिंग जात नाही. नेटवर्क सांभाळणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला अशी दुपार येते. मग फायरवॉलची पानं एकेक करून उघडली जातात : रूट, रूल, नॅट. एकाच कामासाठी तीन पानं का, याचं उत्तर या पेटीच्या कुळात सापडतं. ही पेटी कुणी एका बैठकीत घडवलेली नाही. ती तीन वेगवेगळ्या गरजांमधून, तीन वेगवेगळ्या घराण्यांतून जमत आली आहे.

मूळ पुरुष म्हणजे गेटवे. मे १९७४ मध्ये व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी एका शोधनिबंधात वेगवेगळ्या जातीची नेटवर्कं एकमेकांना कशी जोडावीत याचा आराखडा मांडला. प्रत्येक नेटवर्कची आतली रीत वेगळी, पॅकेटचा आकार वेगळा. म्हणून दोन नेटवर्कांच्या सीमेवर एक यंत्र ठेवायचं, त्यानं पॅकेटवरचा पत्ता वाचायचा आणि ते पुढच्या नेटवर्कात ढकलायचं. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट टीसीपी-आयपीवर आलं, तेव्हा हाच आराखडा रोजच्या वापराचा झाला. या गेटवेला एकच प्रश्न विचारता येत होता : हे पॅकेट कुठे जायचं आहे? पाठवणारा कोण आणि त्याला जाऊ द्यावं का, हा प्रश्न त्याच्या कामात बसतच नव्हता. जोडणारे आणि जोडले जाणारे बहुतेक एकमेकांना ओळखणारे संशोधक होते.

विद्यापीठांत लोकल नेटवर्कं वाढली तशी ही यंत्रं सीमेवरून घरात आली. स्टॅनफर्डमध्ये बिल येगर यांनी आणि एमआयटीमध्ये नोएल चियापा यांनी १९८०च्या सुमारास अनेक प्रोटोकॉल एकाच वेळी हाताळणारे राउटर लिहिले. स्टॅनफर्डच्याच मुशीतून लेनर्ड बोसॅक आणि सँडी लर्नर बाहेर पडले आणि डिसेंबर १९८४ मध्ये त्यांनी सिस्को काढली. पण आपल्या गोष्टीचा खरा नायक त्याच आवारातला एक विद्यार्थी आहे : जेफ्री मोगल.

स्टॅनफर्डकडे ३६ ने सुरू होणारे सगळे पत्ते होते, म्हणजे एक कोटी सदुसष्ट लाखांहून अधिक. बाहेरच्या जगाच्या लेखी ते एकच नेटवर्क. आत मात्र इमारतीगणिक वेगळी केबल. एका संस्थेचे पत्ते आतल्या आत कसे वाटायचे, याची रीत मोगल यांनी ऑक्टोबर १९८४ च्या टिपणात मांडली. ऑगस्ट १९८५ मध्ये जॉन पोस्टल यांच्यासह लिहिलेल्या आरएफसी ९५० या दस्तऐवजात तिला मानकाचं रूप मिळालं. आज आपण सबनेट म्हणतो ते हेच. युक्ती साधी आहे. प्रत्येक कॉम्प्युटरला पत्त्याबरोबर एक मास्क द्यायचा. पाठवण्याआधी कॉम्प्युटर समोरच्या पत्त्यावर मास्क लावून बघतो. उरलेला भाग आपल्यासारखाच निघाला, तर समोरचा आपल्याच वस्तीतला, त्याला थेट गाठायचं. वेगळा निघाला, तर पॅकेट गेटवेच्या हाती द्यायचं.

भारतातही हा हिशोब लवकर आला. एर्नेट या शैक्षणिक नेटवर्कला १४४.१६ ने सुरू होणारा ६५,५३६ पत्त्यांचा एकच मोठा तुकडा मिळाला होता. देशभरातल्या संस्थांची सोय त्यातूनच वाटे पाडून लावायची होती. एका तुकड्याचे वाटे पाडणं आणि वाट्यांमध्ये राउटर बसवणं हे सबनेटचंच काम, फक्त इमारतींच्या ऐवजी शहरांच्या अंतरावर.

इथवर सगळा विचार पोचवण्याचा होता. २ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री त्याची दुसरी बाजू दिसली. कॉर्नेलचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस यानं सोडलेला प्रोग्राम एका यंत्रातून दुसऱ्यात स्वतःची प्रत पाठवत सुटला. त्या काळच्या अंदाजानुसार इंटरनेटवरच्या सुमारे साठ हजार यंत्रांपैकी सहा हजारांच्या घरात यंत्रं बाधित झाली. त्या रात्रीचा बिघाड गेटवेंमध्ये नव्हता. त्यांनी आपलं नेहमीचं काम केलं, आलेली पॅकेटं पत्त्यावर पोचवली. दोष यंत्रांमधल्या प्रोग्रामचा होता, पण मॉरिसचा प्रोग्राम इतक्या दूर पोचला तो सरळ, विनाचौकशी रस्त्यांवरून.

१९८९ मध्ये मोगल पुन्हा समोर येतात. आता ते डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या पालो आल्टो इथल्या प्रयोगशाळेत होते. त्यांच्या नव्या प्रोग्रामचं नाव होतं स्क्रीनडी. युनिक्सवर चालणाऱ्या गेटवेमध्ये पॅकेट पुढे पाठवण्याचं काम कर्नेल करत असे. मोगल यांनी नेमक्या त्या वळणावर एक थांबा घातला. पॅकेट आलं, ते दुसऱ्या नेटवर्काकडे निघालं आहे हे कर्नेलनं ओळखलं, की ते पाठवण्याआधी कर्नेल स्क्रीनडीला विचारायचं. स्क्रीनडी एका साध्या फाइलमधले नियम वाचून बसलेला असे : कुठून, कुठे, कोणती सेवा, आणि जाऊ द्यायचं की नाही. तो निकाल द्यायचा, कर्नेल तो अमलात आणायचं. दर पॅकेटमागे असा हेलपाटा म्हणजे वेगाला फटका, पण बदल्यात मोठी गोष्ट हाती आली. रस्ता ठाऊक असणं आणि परवानगी असणं ही दोन कामं वेगळी झाली, आणि धोरण बदलायला कर्नेलला हात लावायची गरज उरली नाही.

नेटवर्कचे वाटे पाडायची रीत घालून देणारा आणि वाट्यांमधल्या वळणावर पहारा बसवणारा माणूस एकच असावा, ही मला या कुळकथेतली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. कारण दोन्ही कामांची जागा एकच आहे. जकात नाका शेतात बांधत नसत, रस्त्यावर बांधत. एकाच सबनेटमधली दोन यंत्रं आपसात बोलतात तेव्हा पॅकेट गेटवेपाशी येतच नाही, मग तपासणार कोण? तपासायचं असेल तर आधी वस्ती वेगळी करावी लागते, म्हणजे वाहतूक राउटरवरून जाईल. राउटिंग हा फायरवॉलच्या कामातला जोडधंदा नाही. तो तिच्या पायाखालची जमीन आहे.

१९८९ च्याच ऑक्टोबरमध्ये निघालेल्या आरएफसी ११२२ नं आणखी एक कलम घातलं : साध्या कॉम्प्युटरमध्ये गेटवेचं काम करण्याची सोय असेल, तर ती मुळात बंद ठेवलेली असली पाहिजे. लिनक्सवर दोन नेटवर्क कार्डं लावली तरी पॅकेट पलीकडे जात नाही, आधी ip_forward ची किंमत शून्याची एक करावी लागते, त्यामागे हीच शिस्त आहे.

मात्र पहारा देणाऱ्या या दुसऱ्या घराण्याची एक शाखा अगदी उलट विचाराची निघाली. बेल लॅब्जमध्ये बिल चेस्विक यांनी १९९० मध्ये मांडलेला गेटवे आतलं आणि बाहेरचं नेटवर्क थेट जोडतच नव्हता. आतल्या माणसानं मधल्या यंत्राला सांगायचं आणि त्यानं बाहेरच्याशी स्वतः बोलायचं. मार्कस रॅनम यांनी डिजिटलमध्ये आणि पुढे १९९३ च्या टीआयएस फायरवॉल टूलकिटमध्ये अशीच प्रॉक्सी वापरली. सुरक्षा पक्की, पण प्रत्येक सेवेसाठी वेगळा प्रोग्राम लिहायचा. नव्या सेवा महिन्यागणिक येऊ लागल्या तेव्हा हे झेपेना.

पॅकेट तपासणाऱ्या शाखेलाही एक जुनं दुखणं होतं. ब्रेंट चॅपमन यांनी १९९२ मध्ये ते नेमकं मांडलं. आतल्या माणसाला बाहेर टेलनेट करू द्यायचं, तर उत्तराची पॅकेटंही आत घ्यावी लागतात. मग पोर्ट क्रमांक २३ वरून १०२३ च्या वरच्या कोणत्याही पोर्टकडे येणारं सगळं उघडं ठेवायचं? ते उत्तरच आहे की कुणी मुद्दाम त्या पोर्टवरून पाठवलंय, हे एकट्या पॅकेटकडे बघून खात्रीनं कळत नाही. चेक पॉइंट कंपनीच्या १९९४ च्या फायरवॉल-१ नं यावर स्मरणशक्तीचा उपाय रूढ केला. संवाद कुणी सुरू केला याची नोंद ठेवायची. नोंदीशी जुळणारं उत्तर आपोआप येऊ द्यायचं, बाकी अडवायचं.

तिसरं घराणं नॅटचं. पत्ते कमी पडू लागले होते, आणि मे १९९४ च्या आरएफसी १६३१ नं पत्ते बदलण्याची तोड सुचवली. त्याच वर्षी जॉन मेझ आणि ब्रँटली कॉइल यांची पिक्स ही पेटी बाजारात आली. ती जन्मानं पत्ते बदलणारी पेटी होती, फायरवॉल म्हणून नंतर नावारूपाला आली. १९९५ मध्ये सिस्कोनं त्यांची कंपनी घेतली. पिक्सच्या प्रत्येक पोर्टला ० ते १०० असा सुरक्षेचा आकडा असे : बाहेर ०, आत १००, मधल्या सर्व्हरांना दोन्हींमधलं काहीतरी. वरून खाली जायला मोकळीक, खालून वर यायला लेखी परवानगी. आणि दोन आतल्या सेगमेंटमध्ये साधं राउटिंग करायचं असलं, तरी जुन्या पिक्सला ‘इथे पत्ता बदलू नकोस’ असं वेगळं लिहून द्यावं लागे. जुने इंजिनियर आजही आतल्या वाहतुकीसाठी आधी नॅटची सूट तपासतात, ती सवय तिथली.

मग सेगमेंट पाडणं स्वस्त झालं. १९९८ च्या ८०२.१क्यू मानकानं पॅकेटला चार बाइटची खूण जोडून एकाच केबलवर ४,०९४ पर्यंत व्हीएलॅन चालवायची सोय केली. जानेवारी २००१ मध्ये लिनक्सच्या २.४ कर्नेलबरोबर रस्टी रसेल यांचं आयपीटेबल्स आलं. आधीच्या आयपीचेन्समध्ये पलीकडे जाणारं पॅकेट इनपुट, फॉरवर्ड, आउटपुट अशा तिन्ही साखळ्यांतून जायचं. आता त्याला फक्त फॉरवर्ड साखळी उरली. ‘माझ्यासाठी आलेलं’ आणि ‘माझ्यावरून जाणारं’ यांच्यातली सीमा स्पष्ट झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ओपनबीएसडीत डॅनियल हार्टमायर यांचं पीएफ आलं, आणि त्याच्यावर उभ्या राहिलेल्या पीएफसेन्समुळे लहान ऑफिसांनाही हे सगळं परवडू लागलं. तिथे लॅन पोर्टला सगळीकडे जायची मुभा तयार मिळते. नवं जोडलेलं पोर्ट मात्र एकही नियम नसल्यानं गप्प असतं. तिथेही पहिली दुपार फुकट जाते ती यामुळेच.

म्हणून पिंग अडलं की घराण्यांच्या क्रमानं विचारावं. १०.२५ वरचा कॉम्प्युटर ३०.४० वरच्या प्रिंटरला हाक मारतो. त्याचा डीफॉल्ट गेटवे फायरवॉलच आहे ना? फायरवॉलला ३० चा पट्टा ठाऊक आहे ना? पॅकेट ज्या पोर्टवरून आत शिरतं, तिथे परवानगी आहे ना? मध्येच एखादा नॅट नियम त्याला पकडत नाही ना? आणि सगळ्यांत जास्त विसरला जाणारा प्रश्न : प्रिंटरला परतीचा रस्ता ठाऊक आहे ना? त्याच्यात गेटवे भरलेलाच नसतो, किंवा तो जुन्या राउटरकडे बोट दाखवतो. मग हाक पोचते, पण उत्तर निघतच नाही किंवा भलत्याच वाटेनं जातं. फायरवॉलच्या नोंदीत अर्धाच संवाद उरतो, आणि अर्ध्या संवादातली पुढची पॅकेटं ती टाकून देते.

हे सगळे कष्ट कशासाठी, ते २७ जून २०१७ ला कळलं. युक्रेनमधल्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून निघालेला नॉटपेट्या हा घातक प्रोग्राम कंपन्यांच्या आतल्या नेटवर्कांमध्ये एका यंत्रावरून दुसऱ्यावर पसरला. मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या कारभाराला फटका बसला, त्यात आपल्या न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं त्यांच्या समूहाचं टर्मिनलही होतं. मर्स्कनं नंतर नुकसान २० ते ३० कोटी डॉलरचं सांगितलं. बाहेरची भिंत ओलांडून आत आलेल्याला रोखायला आतल्या वळणांवरचे पहारेच लागतात.

मला सर्वांत जास्त टोचतं ते काम लवकर उरकावं म्हणून लिहिलेलं एका ओळीचं कलम : कुठूनही, कुठेही, काहीही, जाऊ दे. त्या ओळीनं सेगमेंट कागदावर उरतात आणि पेटी पुन्हा १९८३ चा गेटवे होते. फायरवॉलला जवळचे रस्ते आपोआप कळतात. जोडलेले पट्टे ती स्वतः ओळखते. पण हिशोब विभागाला प्रिंटरवर छापायचं आहे आणि कॅमेऱ्याला हिशोबाच्या सर्व्हरशी काहीएक काम नाही, हे तिला कुणीतरी सांगावं लागतं. ते ठरवायला नेटवर्कवाल्यानं केबली सोडून टेबलांपाशी जावं, कोण कुणाशी कशासाठी बोलतं ते विचारावं, आणि तेवढंच लिहावं. मोगल यांनी निकाल देणारा भाग कर्नेलच्या बाहेर काढला तो माणसाला तो लिहिता यावा म्हणून. ती जागा रिकामी सोडू नये.