निपाणीची सरकलेली वेलांटी

बेळगाव हा लिहायला सोपा शब्द. त्यात जोडाक्षर नाही, ऱ्हस्व वेलांटी नाही. खानापूरचे तसेच, पलीकडच्या कागलचेही तसेच. निपाणी मात्र पहिल्याच अक्षराला अडते. २०१०-११ च्या सुमाराच्या अँड्रॉइड फोनमध्ये कोणी खटपट करून देवनागरी फॉन्ट घुसवला, की बेळगाव जसेच्या तसे उमटायचे आणि निपाणीची वेलांटी ‘न’ला सोडून पुढच्या ‘प’च्या डोक्यावर जाऊन बसायची. चिकोडीची वेलांटी ‘क’वर सरकायची. हुक्केरीतला पहिला ‘क’ आणि संकेश्वरातला ‘श’ पाय मोडलेल्या अवस्थेत शेजाऱ्यापासून फटकून उभे राहायचे. फॉन्टमध्ये अक्षरे होती, पण ती एकमेकांना जोडायची कशी हे फोनला ठाऊक नव्हते.

एवढी मोडकी मराठी मिळवायलाही फोन रूट करावा लागे.

रूट म्हणजे मूळ. युनिक्सच्या जगात ज्याला कशालाही आडकाठी नाही अशा सर्वाधिकारी वापरकर्त्याचे हे नाव, आणि अँड्रॉइड त्याच घराण्यातल्या लिनक्सवर उभे आहे. विकत घेतलेल्या फोनमध्ये हे अधिकार गिऱ्हाइकाला नसतात. पैसे त्याने मोजलेले असले तरी घरात तो भाडेकरू. सिस्टीमच्या फोल्डरमधली फॉन्टची एक फाइल बदलायची म्हटली तरी परवानगी नाही. ‘ड्रॉइड सॅन्स फॉलबॅक’ नावाची ती फाइल काढून तिच्या जागी देवनागरी अक्षरे असलेली, त्याच नावाची फाइल ठेवायची, एवढेच काम. पण त्यासाठी आधी मूळ हाती लागायला हवे.

ज्यांना इतका उपद्व्याप नको होता त्यांच्यासाठी ऑपेरा मिनी होता. पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा:कॉन्फिग’ असे टंकायचे, उघडलेल्या यादीत शेवटाकडे जायचे आणि अवघड लिप्या चित्ररूपाने दाखवण्याच्या पर्यायापुढे ‘येस’ करायचे. मग ऑपेराचा दूरवरचा सर्व्हर मजकुराचे चित्र काढून पाठवी आणि मराठी पान वाचता येई. वेलांट्या जागच्या जागी असत. फक्त नेट जास्त खर्ची पडे.

गंमत अशी की साध्या बटणांच्या नोकियात देवनागरीची सोय आधीपासून होती. महागड्या स्मार्टफोनने ती काढून घेतली आणि तिच्या जागी चौकोन दाखवले. ज्या प्रदेशात दुकानाच्या पाटीवर कोणती लिपी वर आणि कोणती खाली यावरून मोर्चे निघाले, तिथे हे चौकोन नुसते तांत्रिक वैगुण्य म्हणून कोण बघणार? अर्थात इथे अन्याय मराठी आणि कानडी दोन्हींवर सारखाच होता. किंबहुना कानडीवर थोडा जास्त. अँड्रॉइडच्या ४.० या आवृत्तीच्या सुमारास देवनागरीची घडी बरीच बसली. कन्नड, तेलुगू आणि मल्याळम यांना २०१२ च्या ४.१ पर्यंत थांबावे लागले.

रूट करण्याची कला मुळात एका हास्यास्पद चुकीतून सुरू झाली. पहिला अँड्रॉइड फोन, एचटीसीने बनवलेला टी-मोबाइल जी-वन, ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत विक्रीला आला. दोन आठवडे उलटतात न उलटतात तोच कळले, की त्याच्या कीबोर्डवर जे काही टंकाल ते सर्वाधिकारी आज्ञा म्हणूनही आत पोचते. नव्या ओळीवर कोणी ‘रीबूट’ एवढा शब्द लिहिला की फोन बंद होऊन पुन्हा सुरू होई. गूगलने लगोलग हे भोक बुजवले, पण तोवर हौशी मंडळींना आत शिरायची वाट दिसली होती. २००९ मध्ये एचटीसी मॅजिक भारतात आला आणि त्याच वर्षी स्टीव्ह कोंडिक या अमेरिकी प्रोग्रॅमरने ‘सायनोजेनमॉड’ नावाची स्वतःची अँड्रॉइड आवृत्ती बांधायला घेतली.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात या विद्येला आधीची परंपरा होती. बेळगावच्या खडे बाजारात किंवा निपाणीच्या बाजारपेठेत मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर ‘सॉफ्टवेअर मारणे’ हा क्रियापदासकट रुळलेला शब्द. नोकिया चालू होत नाही, पांढरा पडदा दाखवतो, मध्येच अडकतो, या सगळ्यावर एकच उतारा: फ्लॅशिंगची केबल लावायची, डबा जोडायचा आणि जुने पुसून नवे भरायचे. ‘सॉफ्टवेअर गेलंय, मारून ठेवतो, संध्याकाळी न्या की.’ यावर गिऱ्हाइकाचा ठरलेला प्रश्न, ‘नंबर राहतील न्हवं?’

त्या काळचा बॅकअप म्हणजे एवढेच, नंबर. ते सिमकार्डात असले तर वाचत, फोनच्या पोटात असले तर जात. सिममध्ये जागा साधारण अडीचशे नावांची. निपाणीसारख्या तंबाखूच्या पेठेत व्यापाऱ्याला अडीचशे कसे पुरणार? त्याची खरी वही गल्ल्याशेजारी असायची, रेक्झिनच्या पुठ्ठ्याची, कडेला रोमन अक्षरांच्या पायऱ्या कापलेली. मोबाइल आल्यावरही ती बरीच वर्षे कोणी टाकली नाही.

दोन सिमांच्या फोनला या पट्ट्यात कारण होते. निपाणी कर्नाटक सर्कलमध्ये. पुणे-बंगळुरू महामार्गाने उत्तरेला निघाले की कोगनोळीनंतर कागल, आणि तिथून महाराष्ट्र-गोवा सर्कल. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, जिल्ह्याचे ठिकाण बेळगाव त्याच्या जवळपास दुप्पट. बाजार, दवाखाना, सोयरीक सगळे कोल्हापूरकडे. सरकारी कागद तेवढे बेळगावकडे. निपाणीची पोरे ज्या देवचंद कॉलेजात शिकतात ते अर्जुननगरात, निपाणीला अगदी खेटून, पण कोल्हापूर जिल्ह्यात. म्हणजे तासाला जायचे तर राज्य ओलांडायचे. राज्याबाहेर आलेला फोन उचलायचेही पैसे पडत त्या काळात याचा अर्थ सरळ होता. हद्दीजवळ फोन कधी कुठला टॉवर धरील सांगता येत नसे, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क ‘मॅन्युअल’ करून ठेवायची युक्ती आणि खिशात दोन्ही राज्यांची दोन कार्डे. १९५६ मध्ये आखलेली रेघ खिशातल्या फोनमध्ये अशी रोज भेटायची. बीएसएनएलने रोमिंगमधले येणारे कॉल फुकट केले ते जून २०१५ मध्ये. जिओ आल्यावर बाकीच्यांनाही मागे यावे लागले.

दोन सिमांचे स्वस्त फोन म्हणजे मायक्रोमॅक्स, कार्बन, लाव्हा. २०१२ च्या अखेरचा कॅनव्हास टू आणि २०१३ च्या सुरुवातीचा कॅनव्हास एचडी यांनी दहा-चौदा हजारांत मोठा पडदा दिला. दोन्हींच्या आत तैवानच्या मीडियाटेकची चिप. या चिपचे फोन रूट करणे फार सोपे झाले होते. ‘फ्रामारूट’ नावाचे एक अॅप असे, त्यात कळांची नावे टॉल्किनच्या कादंबरीतल्या पात्रांची. मीडियाटेकसाठी ‘बोरोमिर’ दाबायचे. नाही चालले तर ‘फारामिर’. कादंबरीशी काडीचा संबंध नसलेल्यांनीही बोरोमिरला भक्तिभावाने दाबले असणार.

आणि इथेच बॅकअपचा खरा धडा मिळे. मीडियाटेकच्या फोनमध्ये प्रत्येक सिमचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक साठवणुकीच्या एका छोट्या भागात लिहिलेला असतो. फोनला नवे सॉफ्टवेअर भरताना संगणकावरच्या फ्लॅश टूलमध्ये चुकून ‘फॉरमॅट’ची कळ दाबली, की तो भागही पुसला जाई. फोन झकास सुरू होई, गाणी वाजत, कॅमेरा चाले. नेटवर्क मात्र नाही. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश टंकले की क्रमांकाऐवजी ‘इनव्हॅलिड’. दोन सिमांच्या फोनचे दोन्ही क्रमांक एकदम गेलेले असत. मग बॅटरी काढायची आणि तिच्याखाली चिकटवलेला पांढरा कागद उजेडात धरून त्यावरचे आकडे वाचायचे. तो कागद घामाने पुसट झालेला असला तर खोक्याचा शोध, आणि खोके बहुतेकदा घरातल्या लेकरांनी केव्हाच फाडलेले.

हा नुसता गैरसोयीचा मामला नव्हता. आयएमईआय नसलेले फोन १ डिसेंबर २००९ पासून बंद करण्याचा सरकारी आदेश होता. त्याआधी चिनी फोनांना खरा क्रमांक बसवून द्यायची १९९ रुपयांची योजनाही निघाली होती. २०१७ च्या नियमांनी हा क्रमांक मुद्दाम बदलणे गुन्हा ठरवला, तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद त्यात होती. गेलेला स्वतःचाच क्रमांक परत लिहिणारा आणि चोरीच्या फोनला भलताच क्रमांक चढवणारा, दोघांची हत्यारे एकच. शहाणा कारागीर म्हणून आधी त्या छोट्या भागाची प्रत संगणकावर काढून ठेवी आणि मगच पुढे हात घाली.

सगळा फोन जसाच्या तसा उतरवून घेण्याला ‘नँड्रॉइड बॅकअप’ म्हणत. पण त्यात एक पेच होता. असा बॅकअप घ्यायला क्लॉकवर्कमॉड किंवा टीडब्ल्यूआरपीसारखी वेगळी रिकव्हरी लागते. ती बसवायला बूटलोडर उघडावा लागतो. बूटलोडर म्हणजे वाड्याच्या देवडीवरचा पहारेकरी. फोन सुरू होताना आत कोणाला सोडायचे ते हा ठरवतो. आणि तो उघडताना फोनमधले सगळे पुसले जाते. चोराने कुलूप उघडले तरी मालकाचे फोटो त्याच्या हाती पडू नयेत, म्हणून मुद्दाम केलेली ती व्यवस्था. थोडक्यात, सामान वाचवायला जी किल्ली लागते ती फिरवली की सामानच जळते.

या पेचातून दोन वाटा निघाल्या. अँड्रॉइड ४.० ने संगणकाला केबल जोडून बूटलोडर न उघडता अॅपांची माहिती उतरवून घ्यायची एक आज्ञा दिली. ती अर्धवट होती, सगळ्या अॅपांना चालत नसे, पण होती. दुसरी वाट चोरवाट. सिस्टीममधल्या एखाद्या भोकातून बूटलोडरला हात न लावता आधी रूट मिळवायचे, मग टायटेनियम बॅकअपने अॅपे त्यांच्या मजकुरासकट कार्डावर काढायची, ते कार्ड फोनमधून काढून बाजूला ठेवायचे आणि त्यानंतर पहारेकऱ्याशी बोलणी करायची. फ्रामारूट, किंवा जॉर्ज हॉट्झने जून २०१४ मध्ये काढलेले टॉवेलरूट, ही या चोरवाटेवरची माणसे. म्हणून जाणकारांच्या तोंडी रूट, बॅकअप, मग अनलॉक असा उलटा वाटणारा क्रम असे. पुस्तकी क्रमाने आधी अनलॉक करणाऱ्याचे मेसेज गेले ते गेलेच.

२०१४ चा नोव्हेंबर इथे विसरून चालणार नाही. १ तारखेला, सीमाभागात मराठी माणूस जो काळा दिवस पाळतो आणि बाकीचे राज्य जो राज्योत्सव म्हणून साजरा करते त्याच दिवशी, बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. त्याच महिन्यात अँड्रॉइड ५.० फोनांवर पोचू लागले. त्यात पंधरा नव्या भाषांमध्ये फोनचा कारभार करता येत होता आणि त्या यादीत कन्नड व मराठी दोन्ही होत्या. एकाच अपडेटमध्ये, एकाच दिवशी, कोणी आधी नाही आणि कोणी नंतर नाही. इतक्या बिनबोभाट हा निकाल लागला, की त्याची कुठे दखल घेतल्याचे आठवत नाही. २०१६ च्या ७.० पासून एकापेक्षा जास्त भाषा लावून त्यांचा क्रम बोटाने वरखाली करता येऊ लागला. फॉन्टसाठी रूट करण्याचे कारण तिथेच संपले.

त्याआधी, २०१४ च्याच डिसेंबरात, हौशी मंडळींचे हे जग दिल्ली उच्च न्यायालयात पोचले. सायनोजेन आता कंपनी झाली होती. भारतात तिचे सॉफ्टवेअर वापरण्याचा एकट्याचा हक्क मायक्रोमॅक्सने घेतला होता, आणि वनप्लस वन तेच सॉफ्टवेअर घालून इथे विकायला आला. विक्रीवर बंदी आली आणि वरच्या खंडपीठाकडून थोड्याच दिवसांत उठलीही. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, हे ज्यांच्या घरात रोज बोलले जाते त्यांना ती चपळाई पाहून काय वाटले असेल! सायनोजेनने स्वतःच २०१६ च्या अखेरीस हे काम बंद केले. तिच्या उघड्या सोर्सकोडवरून लिनिएजओएस उभे राहिले.

पहारेकरी मात्र दिवसेंदिवस कडक होत गेले. शाओमीचे फोन आधी खुल्या बूटलोडरने येत. २०१६ च्या सुरुवातीला कंपनीने ते बंद केले. मधले विक्रेते जाहिरातींनी भरलेले सॉफ्टवेअर घालून फोन विकतात, हे कारण तिने दिले. उघडायचे तर अर्ज करा आणि थांबा. साठवणूक कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्टेड, होऊ लागल्यावर नँड्रॉइड बॅकअपचाही अर्थ कमी झाला. उतरवून घेतलेला मजकूर फोनच्या पिनशिवाय वाचताच येत नाही.

पण खरा घाव घातला तो पैशांनी. ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी, डिसेंबर अखेरचे भीम अॅप, आणि बघता बघता भाजीच्या गाड्यावर चौकोनी कोड टांगला गेला. बँकांची अॅपे फोन रूट आहे का ते तपासतात आणि असल्यास चालायला नकार देतात. जॉन वू याच्या मॅजिस्क या रूटच्या साधनाने याच वर्षी रूट लपवायची सोय आणली. त्यानंतर लपवणाऱ्यांचा आणि शोधणाऱ्यांचा पाठशिवणीचा खेळ आजतागायत चालू आहे. चहाचे दहा रुपये द्यायला फोन काढावा आणि अॅपने ‘तुमचे उपकरण सुरक्षित नाही’ म्हणून दार लावून घ्यावे, हा अनुभव चारचौघांत एकदा आला की रूटची हौस फिटते.

आता ज्यांची फिटत नाही ते दोन फोन बाळगतात. बँकेचा फोन जसा आला तसाच, देवडी बंद. दुसरा जुना, मागचे झाकण निघणारा, लिनिएज घातलेला, सिम नसलेला. अशा फोनाचे झाकण काढले तर बॅटरीखालचा कागद कोरा झालेला दिसतो, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने, एकाखाली एक, पंधरा-पंधरा आकड्यांच्या दोन ओळी.