यारकंदच्या वाटेवरचे जेवण

मध्य आशियाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे बाबर येतो, त्याच्या तोफा येतात, पानिपत येते. व्यापाऱ्यांची तट्टे सहसा येत नाहीत. वस्तुतः यारकंदहून काराकोरम खिंड ओलांडून लेहला उतरणारी तांड्यांची वाट १९४९ पर्यंत चालू होती. तिकडून रेशीम, नमदे आणि चरस येई. इकडून कापड, मसाले आणि नीळ जाई. लेहमध्ये राहून गेलेल्या यारकंदी व्यापाऱ्यांची लडाखी स्त्रियांपासून झालेली संतती अरगोन म्हणून ओळखली जाते, आणि श्रीनगरात झेलमच्या काठी त्यांच्यासाठी खास सराई होती.

ही वाट आम्हांस आठवली ती मात्र इस्तंबूलमध्ये. तेथील झैतिनबुर्नू या भागात उइगूर खाणावळी पुष्कळ आहेत. त्यांतील एकीत आम्ही हे जेवण प्रथमच जेवलो. उइगूर भाषेचा गंध नसतानाही पदार्थांच्या यादीतील निम्मे शब्द आम्हांस कळले : नान, पोलो, सम्सा, कावाप. मालकांना मसाल्याचे नाव विचारले, तर उत्तर आले, ‘झिरे’. म्हणजे आपले जिरेच!

पोलो म्हणजे मटण, कांदा आणि गाजराच्या लांब फोडी घालून शिजविलेला भात. तो परंपरेने हातानेच खातात. चिनी भाषेत त्याचे नावच ‘हाताने उचलण्याचा भात’ असे आहे. सम्सा हा आपल्या समोशाचा भाऊबंद. पण तो तळीत नाहीत, तंदुराच्या भिंतीला चिकटवून भाजतात, आणि आत बटाटा नव्हे तर मटण, चरबी व कांदा असतो. इंदूरच्या वाचकांस येथे मांडू आठवावे. माळव्याच्या सुलतानांसाठी इ. स. १५०० च्या सुमारास तेथे सिद्ध झालेल्या ‘निमतनामा’ या सचित्र पाकग्रंथात समोशाच्या अनेक कृती आहेत.

खरे कौतुक लगमनचे. कणकेची वळी तेल लावून मुरवतात, मग दोन्ही हातांनी ओढीत, ओट्यावर आपटीत तिचे लांबच लांब दोर करतात. ते उकडून वर मटण, ढोबळी मिरची आणि टोमॅटोचे कालवण घालतात. मूळ तुर्की शब्द ‘ल’ने सहसा सुरू होत नाहीत, हा शब्द बहुधा चिनी ‘लामियेन’ वरून आला. मिरची आणि टोमॅटो तर अमेरिकेतले. तरीही तुर्की लोकांस कणकेच्या या प्रकारांचे वेड जुने आहे. महमूद काशगरीने अकराव्या शतकात रचलेल्या तुर्की शब्दकोशात ‘तुतमाच’ नावाचा असाच पदार्थ नोंदलेला आहे.

काशगर-यारकंदचे लोक इस्तंबूलला पोहोचले कसे? १९४९ मध्ये कम्युनिस्ट सेना शिनजियांगमध्ये शिरली, तेव्हा इसा यूसुफ आल्पतेकिन आदी नेते व शेकडो कुटुंबे बर्फातून लडाखमार्गे श्रीनगरला आली. पुढे तुर्कस्तान सरकारने आश्रय दिला. आल्पतेकिन १९५४ मध्ये तिकडे गेले आणि १९९५ मध्ये इस्तंबूललाच वारले. व्यापाऱ्यांच्या त्या वाटेवरून शेवटी माणसे गेली, ती परत न येण्यासाठी.

आपणही मुलूख सोडून आलेल्यांचे वंशज. परंतु आपले पूर्वज सरदारांच्या फौजांबरोबर, कारकुनीच्या निमित्ताने आले, आणि परतीचा रस्ता कधी बंद झाला नाही. बडोद्याच्या सुनेला पुरण बिघडले तर पुण्याला पत्र टाकून विचारता येई. हे सुख त्यांना नाही. २०१७ पासून शिनजियांगमध्ये उइगुरांना मोठ्या प्रमाणावर छावण्यांत डांबण्यात आले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२२ च्या अहवालात याची गंभीर दखल घेतली, चीनने तो अहवाल फेटाळला. खाणावळीच्या मालकांनी एवढेच सांगितले की, काशगरच्या मावशीचा आवाज त्यांनी २०१७ नंतर ऐकलेला नाही. लगमनची कणीक किती वेळ मुरवावी, हे तिलाच नेमके ठाऊक होते.

आम्ही हिंदुस्थानातून आलो हे कळल्यावर त्यांनी पैसे घेण्याआधी एक प्रश्न केला : लेहहून श्रीनगरला हल्ली किती दिवस लागतात? मोटारीने दोन, असे आम्ही सांगितले. त्यांचे आजोबा ती वाट चालत आले होते.