फटीतून दिसणारी हालचाल : झोएट्रोपची कुळकथा

चित्रपटाचा इतिहास शिकवणाऱ्या संग्रहालयांत, विद्यार्थ्यांनी स्वतः हाताळावे म्हणून ठेवलेल्या वस्तूंमध्ये झोएट्रोप वारंवार आढळतो. वरून उघडा, उभ्या आसावर फिरणारा आणि कडेला समान अंतरावर अरुंद उभ्या फटी पाडलेला ढोल, असे त्याचे रूप असते. ढोलाच्या आत, फटींच्या खाली, एकाच हालचालीच्या क्रमवार अवस्था रेखाटलेली कागदी पट्टी बसवतात आणि ढोल फिरवून अलीकडच्या फटींतून पलीकडची चित्रे पाहिली, की कोलांटी घेणारा कसरतपटू हलताना दिसू लागतो. हे उपकरण खेळणे म्हणून लोकप्रिय झाले असले, तरी त्याचे कूळ शास्त्रज्ञांच्या टेबलापर्यंत जाते.

उभ्या फटींमधून पाहिले असता फिरत्या चाकाचे सरळ आरे वाकलेले का दिसतात, याचा विचार पीटर मार्क रॉजे यांनी लंडनमध्ये 1824 साली मांडला आणि पुढे मायकेल फॅरेडे यांनी दातेरी चाके एकमेकांसमोर फिरवून असेच दृष्टिभ्रम तपासले. या धाग्यावरून पुढे जात बेल्जियमचे भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ प्लातो यांनी 1832 साली कडेला फटी आणि पृष्ठावर चित्रे असलेली चकती तयार केली, जी आरशासमोर धरून फटींतून पाहायची असे. व्हिएन्नातील सायमन स्टाम्पफर यांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे तशीच चकती केली. विल्यम जॉर्ज हॉर्नर या इंग्लिश गणितज्ञाने 1834 मध्ये चकतीचा ढोल कल्पिला, त्यामुळे आरशाची गरज संपली आणि अनेकांना एकाच वेळी पाहण्याची सोय झाली. तरीही ही कल्पना तीसेक वर्षे मागे पडली. अमेरिकेत 1867 साली विल्यम लिंकन यांना पेटंट मिळाले आणि मिल्टन ब्रॅडली यांच्या कंपनीने ढोल ‘झोएट्रोप’ या नावाने बाजारात आणला. हेच ब्रॅडली पुढे बालोद्यानांसाठी शैक्षणिक साहित्य तयार करू लागले, हा योगायोग या कुळकथेत आवर्जून नोंदवण्याजोगा आहे.

ढोलाची खरी शिकवण फटींत आहे. फटी नसतील तर वेगाने सरकणारी चित्रे एकमेकांत मिसळून नुसता करडा पट्टा दिसतो. फटीमुळे प्रत्येक चित्र क्षणभरच दिसते आणि दोन दर्शनांच्या मध्ये अंधार येतो. बारा फटींच्या ढोलात बारा चित्रांची पट्टी घातली, तर आकृत्या जागच्या जागी हालचाल करतात, पण तेरा चित्रांची घातली की त्या हळूहळू पुढे किंवा मागे सरकू लागतात. शिवाय अलीकडची फट आणि पलीकडचे चित्र विरुद्ध दिशांना जात असल्याने आकृती आडवी आक्रसते, म्हणून ती कागदावर थोडी रुंद काढावी लागते. हे सारे विद्यार्थ्याला पट्टी बदलून स्वतः पडताळता येते. डोळ्यावर प्रतिमा क्षणभर टिकून राहण्याला दृष्टिसातत्य म्हणतात आणि पाठ्यपुस्तके बहुधा तेवढ्यावरच थांबतात. मात्र टिकून राहिलेल्या प्रतिमांची नुसती सरमिसळ झाली असती, तर हालचाल दिसलीच नसती. लागोपाठच्या स्थिर चित्रांतून हालचाल जोडण्याचे काम दृष्टियंत्रणा आणि मेंदू करतात, याकडे माक्स व्हेर्टहायमर यांच्या 1912 च्या प्रयोगांनी अभ्यासकांचे लक्ष वेधले.

एडवर्ड मायब्रिज यांनी 1878 साली टिपलेली धावत्या घोड्याची छायाचित्रे लवकरच झोएट्रोपच्या पट्ट्यांवर आली. त्याच्या वर्षभर आधी एमिल रेनो यांनी फटींऐवजी ढोलाच्या मध्यभागी आरसे बसवून चित्र अधिक उजळ केले होते आणि 1892 मध्ये त्यांनी लांब पट्टीवरची रंगीत चित्रे पडद्यावर दाखवली. पडद्याची ही परंपरा जादूच्या कंदिलाची, म्हणजे काचेवरची चित्रे दिव्याच्या प्रकाशाने मोठी करून दाखवण्याची; तिच्याशी मराठी प्रेक्षकांचे नाते कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांच्या ‘शांभरिक खरोलिका’ या कंदिलाच्या खेळांमुळे जुळले.

मुंबईत गुलशन महल आणि त्यालगतच्या नव्या इमारतीत 2019 पासून खुल्या झालेल्या राष्ट्रीय भारतीय चित्रपट संग्रहालयात मुलांसाठी स्वतंत्र दालन आहे. अशा दालनात तयार पट्टी फिरवून दाखवण्यापेक्षा कोरी पट्टी आणि पेन्सिल देणे अधिक उचित ठरते, आणि शेजारी फिल्मचे प्रक्षेपकयंत्र उघडून ठेवले तर आणखी चांगले. चौकट पुढे सरकत असताना प्रकाश अडवणारी झडप त्यात फिरताना दिसते. सेकंदाला 24 चौकटींच्या फिल्मसाठी ती प्रत्येक चौकट किमान दोनदा उजळवते आणि ढोलाच्या फटी जे काम करत, तेच पुढे चालवते.