आपल्याच उजेडानं जळणारा दिवा

मागच्या रविवारी मी एक लेझर डायोड मारला. जुन्या डीव्हीडी रायटरमधून काढलेला, लाल उजेडाचा. एलएम३१७ आणि १० ओहमचा रेझिस्टर लावून १२५ मिलिअँपचं ड्रायव्हर सर्किट केलं होतं, सगळं मोजूनमापून. पण बॅटरी आधी जोडली आणि डायोड नंतर. झालं! डायोड नसताना आउटपुटवरचा कपॅसिटर सात-आठ व्होल्टपर्यंत भरून बसला होता, तो एका दमात डायोडमध्ये रिकामा झाला. मर्यादा १२५ मिलिअँपची खरी, पण ती सर्किटला. कपॅसिटरला कोण विचारतंय?

मग वाचत बसलो. हा नाजूकपणा जन्मापासूनचाच निघाला. १९६२ मध्ये रॉबर्ट हॉल यांनी अमेरिकेत, जनरल इलेक्ट्रिकच्या स्केनेक्टडीच्या प्रयोगशाळेत असा पहिला लेझर चालवला, तो द्रव नायट्रोजनच्या थंडीत, उणे १९६ अंशांना. तेही करंटचे छोटे छोटे ठोके देऊन. सलग करंट त्याला सोसलाच नसता.

१९७० मध्ये लेनिनग्राडला अल्फेरॉव्ह यांच्या गटानं आणि पाठोपाठ बेल लॅब्जमध्ये हायाशी व पॅनिश यांनी खोलीच्या तापमानाला सलग चालणारे डायोड केले. पण सुरुवातीचे हे डायोड काही मिनिटांत, फार तर काही तासांत मान टाकायचे. स्फटिकातले दोष पसरत जाऊन आत काळ्या रेषा उमटायच्या. स्फटिक निर्दोष करण्यात पुढची काही वर्षं गेली, आणि १९८२ मध्ये सोनीचा सीडी प्लेयर जपानी घरांत पोचला.

म्हणजे डायोडला आधी थंडीनं सांभाळलं, मग चांगल्या स्फटिकानं. एक दुखणं मात्र राहिलंच. लेझरचा आरसा म्हणजे त्या स्फटिकाचीच कड. करंट जास्त झाला की उजेड वाढतो, कड तो थोडा शोषते आणि तापते. तापली की आणखी शोषते. हे चक्र इतकं वेगात फिरतं की कड वितळते, आणि फ्यूजला पत्ताही लागत नाही.

म्हणून तिसरा राखणदार आला, सर्किट. करंट हळूहळू चढवायचा, उलट्या व्होल्टेजसाठी शेजारी उलटा डायोड ठेवायचा, आणि उजेड फोटोडायोडनं मोजून करंट आवरायचा. सीडी प्लेयरच्या कित्येक सुट्या पिकअपवर तर लेझरची दोन टोकं सोल्डरच्या थेंबानं जोडूनच येत. हाताळणाऱ्याच्या बोटातली स्थिर वीजसुद्धा डायोडला पुरेशी असते ना! पिकअप प्लेयरला जोडून झाला की मगच तो थेंब काढायचा.

माझ्या त्या सगळ्या मोजमापात हा साधा क्रम तेवढा राहून गेला होता. आधी कपॅसिटर रिकामा, मग डायोड, शेवटी बॅटरी.

असो. मेलेला डायोड अजून टेबलावर आहे. करंट दिला की मिणमिणतो, साध्या एलईडीसारखा. उजेड आहे, लेझर गेला.