खान्देशात धरणाकाठी कॅराव्हॅन लावून मुक्काम करता येतो का?

दार उघडलं की समोर पाणी, पाण्यापलीकडे डोंगर, आणि आपण बसलोय ते घर म्हणजे एक गाडी. परदेशातले असे व्हिडीओ पाहिले की जळगाव-धुळ्याच्या माणसाला एक प्रश्न हमखास पडतो. आपल्या उत्तरेला सातपुडा आहे, दक्षिणेला अजिंठा-सातमाळ्याची रांग आहे, मध्ये तापी आहे आणि तिच्या उपनद्यांवर लहान-मोठी धरणं आहेत. मग गाडी घेऊन हतनूरच्या किंवा अनेरच्या काठावर एक रात्र का काढू नये?

उत्तर थोडं लांब आहे. कारण पाणी आणि डोंगर असले म्हणजे कॅम्पग्राउंड तयार होत नाही. काठावरची जमीन कुणाची आणि आपण केलेली घाण कुठे जाणार, या दोन गोष्टींवर सगळं ठरतं.

आधी गाडीविषयी

अमेरिकेत जिला आरव्ही, म्हणजे रिक्रिएशनल व्हेईकल म्हणतात, तिला आपल्याकडे कॅराव्हॅन, मोटरहोम किंवा कॅम्परव्हॅन अशी नावं आहेत. काटेकोर बोलायचं तर स्वतःचं इंजिन असलेली ती मोटरहोम आणि दुसऱ्या गाडीने ओढायची ती कॅराव्हॅन. पण भारतात सरकारी कागदांपासून जाहिरातींपर्यंत सगळ्यांसाठी 'कॅराव्हॅन' हा एकच शब्द चालतो.

आत झोपायला जागा, छोटा ओटा, पाण्याची टाकी, बॅटरी आणि बहुतेक वेळा संडास. मोठ्या गाड्यांमध्ये दोन वेगळ्या टाक्या असतात. भांडी आणि अंघोळीचं पाणी एकीत जातं, संडासाचा मैला दुसरीत. लहान गाड्यांमध्ये साधारण वीस लिटरचा सुटा डबा असतो. चौघांचं कुटुंब असेल तर तो दोन दिवसही पुरत नाही. हा डबा रिकामा कुठे करायचा, हे कुठल्याच व्हिडीओत दाखवत नाहीत.

अमेरिकेत हे कसं चालतं?

तिकडच्या तलावाकाठच्या सरकारी कॅम्पग्राउंडमध्ये प्रत्येक गाडीला आखून दिलेली, नंबर टाकलेली जागा असते. शेजारी विजेचा खांब, पाण्याचा नळ, एक टेबल आणि शेकोटीसाठी लोखंडी कडं. निघताना गाडी 'डंप स्टेशन'वर न्यायची आणि दोन्हीही टाक्या तिथे रिकाम्या करायच्या. बऱ्याच ठिकाणी एका जागेवर सलग १४ दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही, नाहीतर लोक तिथेच संसार मांडतील.

आपल्यासाठी कामाची गोष्ट वेगळीच आहे. यातली अनेक कॅम्पग्राउंड वनखातं किंवा राष्ट्रीय उद्यानं चालवतातच, पण तलावाकाठची बरीचशी 'आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स' चालवतं. म्हणजे ज्यांनी धरण बांधलं, तेच काठावर कॅम्पिंगची जागा आखतात, फी घेतात आणि संडासही साफ ठेवतात. कल्पना करायची तर आपल्या तापी पाटबंधारे विकास महामंडळाने हतनूरला गाड्यांसाठी प्लॉट पाडावेत आणि पावती फाडावी, असं काहीसं.

आपल्या पाटबंधारे खात्याकडे काठावरची जमीन आहे, अनेक धरणांवर विश्रामगृहंही आहेत. ही विश्रामगृहं इंग्रजी अमलातल्या पद्धतीचा वारसा आहेत. साहेब हिवाळ्यात तंबू ठोकत जिल्हाभर फिरतीवर असायचा, पुढे तंबूच्या जागी बंगले आले. म्हणजे सरकारी मुक्कामाची सोय खान्देशाला नवी नाही. फक्त ती अधिकाऱ्यांसाठी होती. सर्वसामान्य प्रवाशाने स्वतःची गाडी आणून, फी भरून, वीज-पाणी जोडून राहावं, ही पद्धत इथे रुजलीच नाही.

काठावरची मोकळी जमीन कुणाची?

धरण बांधताना पाणी पूर्ण भरल्यावर जिथपर्यंत पोचेल तिथपर्यंतची जमीन सरकार ताब्यात घेतं. पाणी उतरलं की हीच जमीन उघडी पडते. सपाट, हिरवीगार, फोटोला एकदम फक्कड. लांबून पाहणाऱ्याला ती बेवारस वाटते.

ती बेवारस नसते. तिला गाळपेर म्हणतात. पाणी मागे सरकत जातं तशी धरणग्रस्त आणि आसपासचे शेतकरी तिच्यात हरभरा, गहू, टरबूज, काकडी लावतात. यासाठी पाटबंधारे खात्याकडून ती ठरावीक काळापुरती भाडेपट्ट्याने घेण्याची पद्धत आहे. दोन-तीन टनांची गाडी ओल्या गाळावर घातली तर पीक जाईल, आणि गाडीही रुतेल. मग जवळच्या गावातून ट्रॅक्टर बोलवावा लागतो, आणि ज्याचं पीक तुडवलं त्याच्याकडेच ट्रॅक्टर मागायची वेळ येऊ शकते.

काठावर आणखी एक गोष्ट असते, तिच्याकडे नवख्याचं लक्ष जात नाही. पाणी उपसणाऱ्या मोटारींच्या केबल. त्या गवतातून, चिखलातून, कधी पाण्यातून गेलेल्या असतात, जागोजागी जोड दिलेले असतात. कृषिपंपांची वीज बऱ्याचदा रात्री येते. दिवसा निर्जीव दिसलेली केबल रात्री जिवंत असू शकते. अंधारात काठावर अनवाणी फिरणं किंवा लोखंडी खुंट्या ठोकणं म्हणूनच धोक्याचं.

पाण्यावरही हक्क असतात. मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, त्यांची जाळी लावलेली असतात. सहज म्हणून पाण्यात उतरू नये, यामागे बुडण्याच्या भीतीइतकंच हेही कारण आहे.

हतनूर, अनेर, पाल: प्रत्येकाची गोष्ट वेगळी

हतनूर धरण भुसावळ तालुक्यात तापीवर आहे. वरच्या अंगाला चांगदेवजवळ तापी-पूर्णेचा संगम आहे, तिथलं जुनं मंदिर प्रसिद्ध आहे. धरणाला ४१ दरवाजे. दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र आणि वरणगावची आयुध निर्माणी यांना इथलं पाणी लागतं, त्यामुळे धरणाच्या भिंतीकडे सुरक्षेचे नियम कडक असणं साहजिक आहे. बॅकवॉटरचा उथळ, गाळाने भरलेला भाग मात्र पक्ष्यांना मानवतो. हिवाळ्यात इथे स्थलांतरित बदकं आणि पाणपक्षी मोठ्या संख्येने उतरतात. पहाटे दुर्बीण घेऊन येणाऱ्यासाठी ही जागा सोन्याची आहे. रात्री स्पीकर आणि एलईडी लावणाऱ्यासाठी नाही, कारण ज्यांना बघायला यायचं तेच उडून जातात.

पावसाळ्यात हतनूरच्या खालच्या अंगाला तापीच्या पात्रात गाडी लावणं हा शुद्ध वेडेपणा. वरून, मध्य प्रदेश आणि विदर्भातून पाण्याचा लोंढा आला की दरवाजे उघडावे लागतात. तुमच्या डोक्यावर थेंबही पडलेला नसतो आणि पात्र भरतं.

अनेर धरणाचं तर नावच अभयारण्याला आहे. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेलं हे अभयारण्य १९८६ चं. त्याच्या शेजारी जळगाव जिल्ह्याच्या हद्दीत यावल अभयारण्य, १९६९ साली जाहीर झालेलं, सुमारे १७७ चौरस किलोमीटरचं. रावेर तालुक्यातलं पाल हे त्या भागातलं थंड हवेचं ठिकाण, आणि जवळच सुकी नदीवर गारबर्डी धरण. पाणी आणि डोंगर एकत्र हवे असतील तर जळगावकरांच्या तोंडी पहिलं नाव पालचंच येतं.

पण अभयारण्य म्हटलं की वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू होतो. परवानगीशिवाय आत जाता येत नाही, मुक्काम तर दूरच. कलम ३० प्रमाणे आग लावणं किंवा पेटती आग सोडून जाणं हा गुन्हा आहे. उन्हाळ्यात सातपुड्यातलं गवत आणि सागाचा पाचोळा इतका वाळलेला असतो की शेकोटीची एक ठिणगी पुरते. त्यामुळे या पट्ट्यात मुक्काम करायचा तर वनखात्याच्या विश्रामगृहाचं रीतसर आरक्षण घ्यावं आणि गाडी त्याच्याच आवारात उभी करता येईल का, हे आधी विचारून ठेवावं.

धुळे शहराजवळचे नकाणे आणि डेडरगाव तलाव यांच्याविषयी फार चर्चेची गरज नाही. त्यांचं पाणी शहराच्या नळाला जातं. जळगावकर वाघूर धरणाचं पाणी पितात. अशा काठावर मैल्याचा डबा उपडा करणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. त्यातलं रसायन आणखी त्रासदायक, कारण मैला कुजवणारे जिवाणू त्याने मरू शकतात. म्हणून एखाद्याच्या शोषखड्ड्यात किंवा सेप्टिक टाकीत डबा रिकामा करतानाही आधी विचारावं आणि शक्यतो रसायनाशिवायच वापरावा.

मग जमतं कुठे?

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. त्यात कॅराव्हॅन गाड्या आणि त्या उभ्या करण्यासाठीची कॅराव्हॅन पार्क, अशा दोन्ही गोष्टींना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आणि सवलतींची सोय आहे. पार्कमध्ये वीज, पाणी, रस्ता आणि सांडपाण्याची व्यवस्था हवी. त्याच्या आदल्या वर्षी राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं होतं. खान्देशासाठी या दोहोंचा मेळ जास्त उपयोगाचा ठरावा, कारण इथे धरणाच्या हद्दीबाहेर लगेच केळीच्या, कपाशीच्या बागायती सुरू होतात. शेतात विहीर असते, वीज असते, घरी संडास असतो, आणि मालक समोर असतो. परवानगी एकाच माणसाची लागते.

ही कल्पना आयात केलेलीही नाही. धुळे जिल्ह्यातले ठेलारी मेंढपाळ घोड्यांवर बिऱ्हाड लादून पिढ्यान् पिढ्या गावोगाव फिरतात. ते रात्रीचा मुक्काम कुणाच्याही रानात ठोकत नाहीत. शेतकऱ्याशी बोलून, त्याच्या रिकाम्या शेतात मेंढ्या बसवतात. त्याला लेंडीखत मिळतं, त्यांना जागा. फिरत्या घराने यजमानाला काय द्यायचं याचा हिशेब तिथे आधीच ठरलेला असतो. कॅराव्हॅनवाल्यांनी तो पैशात करावा, इतकाच फरक.

शिवाय हिवाळ्यात खान्देशी शेतात जायचं निमित्त तयारच असतं, ते म्हणजे भरीत पार्टी. काड्यांच्या जाळावर भाजलेली वांगी, कळण्याची भाकरी, वर कांद्याची पात. गाडीतल्या गॅसवर ती चव येत नाही, हे मान्य करायला हरकत नाही.

तळं, डोंगर आणि सरकारी निवास हे तिन्ही एकत्र हवं असेल तर तोरणमाळ. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत ते धुळे जिल्ह्यातच होतं. समुद्रसपाटीपासून साधारण ११५० मीटर उंचीवर यशवंत तलाव, पुढे सीताखाईची दरी, आणि पर्यटन महामंडळाचं निवासस्थान. शहाद्याहून चढणारा सातपायरी घाट मात्र वळणावळणाचा आहे. बसच्या आकाराची कॅराव्हॅन तिथे नेण्यापेक्षा छोटी कॅम्परव्हॅन बरी. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते, त्या दिवसांत गाडीला जागा मिळणं अवघड.

गाडी घरी तयार करून घेतली तर?

जुनी व्हॅन घेऊन सुताराकडून पलंग आणि ओटा बसवून घेण्याची हौस वाढते आहे. इथे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. कंपनीने ठरवून दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठासून सांगितलं. उचलून बाहेर काढता येणारं सामान ही वेगळी गोष्ट. सीट काढणं, छत उंचावणं, खिडक्या कापणं यासाठी आधी आरटीओला विचारावं, नाहीतर अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो. परवान्याचा प्रश्न सोपा आहे. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर हलक्या वाहनाचा परवाना चालतो.

कधी जावं, आणि रात्री काय सांभाळावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा पत्र्याची गाडी म्हणजे भट्टी, आणि एसी चालवायचा तर बाहेरून वीज हवीच. हिवाळ्यात उलट, धुळ्यात पारा कधी कधी पाच-सहा अंशांपर्यंत घसरतो.

या थंडीतच सर्वांत मोठा धोका आहे. रात्री दारं-खिडक्या बंद करून आत कोळशाची शेगडी किंवा गॅस पेटता ठेवला तर कार्बन मोनॉक्साईड साचतो. त्याला वास नसतो, धूरही दिसत नाही, आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. शेकोटी बाहेर, ब्लँकेट आत. एक खिडकी बोटभर उघडी ठेवावी आणि जमल्यास बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म बसवावा. गॅस सिलिंडर निजण्याआधी रेग्युलेटरपाशी बंद करावा. शक्य असेल तर सिलिंडरची जागा गाडीत झोपायच्या भागापासून वेगळी असावी आणि तिला तळाशी हवा जायला भोक असावं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो खाली साचतो.