लिनक्स कर्नलची बांधणी आणि कॉन्फिगरेशनच्या भाषेचा वाद (१९९१-२००३)

प्रस्तावना

संगणकाच्या इतिहासात यंत्रे, उद्योगसमूह आणि संशोधक यांना ठळक स्थान मिळते. सॉफ्टवेअर ज्या साधनांनी बांधले जाते त्या साधनांचा इतिहास मात्र बहुधा तळटीपेतच राहतो. वस्तुतः एखाद्या समूहाचे ज्ञान कोणाच्या हाती असावे, मोठा बदल कोणत्या मार्गाने स्वीकारला जातो आणि उत्तम रचनाही का नाकारली जाते, हे प्रश्न अशा दुर्लक्षित साधनांच्या इतिहासात अधिक स्पष्टपणे दिसतात. लिनक्स कर्नलच्या बांधणीव्यवस्थेत २००० ते २००२ या काळात झालेला वाद हे याचे एक बोलके उदाहरण होय. प्रस्तुत लेखात त्या वादाची पार्श्वभूमी, त्याचा निकाल आणि त्या निकालाची किंमत यांचा विचार केला आहे.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. प्रोसेसर, स्मृती, डिस्क, नेटवर्क इत्यादींचे व्यवस्थापन तो करतो. लिनक्सची मूळ संहिता एकच असली तरी ती ज्या यंत्रांवर चालावयाची ती यंत्रे असंख्य प्रकारची आहेत. त्यामुळे संहितेचे कंपायलरद्वारा यंत्रभाषेत रूपांतर करण्यापूर्वी तिच्यातील कोणते भाग घ्यावयाचे आणि कोणते वगळावयाचे हे ठरवावे लागते. या निवडीस ‘कॉन्फिगरेशन’ म्हणतात. प्रत्येक भागाविषयी ‘होय’, ‘नाही’ किंवा ‘मॉड्यूल’ (म्हणजे गरजेनुसार नंतर जोडता येणारा सुटा भाग) असे उत्तर द्यावे लागते. ही उत्तरे एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. यूएसबीचा आधारच वगळला तर यूएसबी कॅमेऱ्याविषयीचा प्रश्न निरर्थक ठरतो. अशा अवलंबित्वाचे नियम लिहिण्यासाठी एक भाषा लागते, आणि वाद नेमका या भाषेवरून झाला.

हाताने केलेल्या निवडीपासून प्रश्नावलीपर्यंत

ही अडचण लिनक्सने निर्माण केली असे नाही. बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये ‘मेक’ हे साधन तयार केले आणि बदललेल्या फायलींचेच पुन्हा संकलन करण्याची सोय झाली. बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समध्ये ४.१ बीएसडी आवृत्तीपासून ‘कॉन्फिग’ नावाची उपयुक्तता होती. यंत्राचे वर्णन एका फायलीत लिहिले की ती त्यावरून बांधणीची मेकफाइल तयार करून देई. परंतु ते वर्णन लिहिणारी व्यक्ती विद्यापीठातील संगणकाची जाणकार व्यवस्थापक असे. लिनक्सचा प्रारंभीचा वापरकर्ता हा घरी सुटे भाग जोडून तयार केलेला संगणक बाळगणारा विद्यार्थी होता. त्याच्या यंत्रात कोणते कार्ड आहे हे पुष्कळदा त्यालाही पेटी उघडल्याशिवाय ठाऊक नसे.

हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी सप्टेंबर १९९१ मध्ये ०.०१ ही आवृत्ती उपलब्ध करून दिली, तेव्हा कॉन्फिगरेशन म्हणजे एका छोट्या शीर्षफायलीतील ओळी हाताने बदलणे एवढेच होते. त्या फायलीत हार्ड डिस्कचे दोन पर्याय होते. एकाच्या नावात ‘लिनस’ होते आणि दुसऱ्याच्या नावात ‘लासू’, म्हणजे टोरवाल्ड्स यांचे सहाध्यायी लार्स विर्झेनियस. जगात जणू दोनच संगणक अस्तित्वात होते! पुढे ०.११ आवृत्तीपर्यंत त्याच फायलीत फिनिश, अमेरिकी, जर्मन आणि फ्रेंच कळफलकांचे पर्याय आले. लिनक्सचा भौगोलिक प्रसार कसा झाला याचा हा एक अनपेक्षित पुरावा मानता येईल.

वापरकर्ते वाढले तसे हाताने ओळी बदलणे अशक्य झाले. यानंतर ‘कॉन्फिगर’ ही शेल-लिपीतील प्रश्नावली आली. तिचे मूळ कर्तृत्व रेमंड चेन यांचे असल्याची नोंद लिपीतच आहे. कर्नलच्या श्रेयनामावलीत त्यांचा पत्ता मायक्रोसॉफ्टचा दिला आहे, ही गोष्ट त्या काळातील दोन छावण्यांच्या वैराविषयी आज जे सांगितले जाते त्याच्याशी फारशी जुळत नाही. प्रश्नावली एकेक प्रश्न क्रमाने विचारी. शेवटच्या प्रश्नाजवळ चूक लक्षात आली तर पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागे. यावर उपाय म्हणून विल्यम रोडकॅप यांचे ‘मेन्यूकॉन्फिग’ आणि एरिक यंगडेल यांचे खिडक्यांवर आधारित ‘एक्सकॉन्फिग’ ही दोन साधने आली. प्रत्येक पर्यायाचे स्पष्टीकरण देणारी एक मोठी साहाय्यफाइलही निर्माण झाली. अ‍ॅक्सेल बोल्ट यांनी ती दीर्घकाळ सांभाळली आणि जपानी, रशियन, फ्रेंच अशा भाषांत तिची भाषांतरेही झाली.

येथेच पुढील अडचणींचे बीज पडले. नियमांच्या फायली एकच होत्या, परंतु त्या वाचणारी साधने तीन होती आणि प्रत्येकाचे व्याकरण किंचित वेगळे होते. पहिले साधन त्या फायली जवळजवळ शेलच्या आज्ञा म्हणूनच चालवी, दुसरे त्यांतून मेन्यू तयार करी, तर तिसरे त्यांचे दुसऱ्याच एका लिपीत रूपांतर करी. एका साधनात बिनतक्रार चालणारी फाइल दुसऱ्यात अडखळे. प्रश्नांचा क्रम बदलला की अर्थ बदले, कारण पुढे येणाऱ्या पर्यायाविषयी आधीच्या नियमाला काहीच माहीत नसे. मायकेल एलिझाबेथ चॅस्टेन यांनी १९९९ मध्ये या भाषेचे लेखी विवरण तयार केले. भाषा वर्षानुवर्षे वापरात राहिल्यावर तिचे व्याकरण लिहिले गेले, हा क्रम भाषाशास्त्राच्या अभ्यासकांना मुळीच नवा वाटणार नाही.

दुसरी भाषा

मे २००० मध्ये एरिक रेमंड यांनी ‘सीएमएल२’ या नव्या भाषेचा प्रस्ताव मांडला. (जुन्या भाषेला ‘सीएमएल१’ हे नाव त्यानंतरच पडले.) रेमंड हे ‘द कॅथीड्रल अँड द बझार’ या १९९७ मधील निबंधामुळे मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे भाष्यकार म्हणून ख्यातनाम झाले होते. त्यांच्या रचनेत नियम हे तर्कशास्त्रीय विधानांच्या रूपात होते आणि पायथन भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम त्या विधानांची परस्परसंगती तपासत असे. एका उत्तराचे जे परिणाम इतर पर्यायांवर होतात ते आपोआप काढले जात. नियमभंग करणारी निवड वापरकर्त्याला करताच येऊ नये, हा त्यामागील हेतू होता. सर्व प्रकारच्या प्रोसेसरांसाठी मिळून एकच नियमसंच होता. भाषा म्हणून पाहता ही रचना जुन्या व्यवस्थेपेक्षा निःसंशय सरस होती.

मार्च २००१ च्या अखेरीस सॅन होजे येथे भरलेल्या कर्नल विकसकांच्या परिषदेत रेमंड यांनी ही भाषा सादर केली. त्याच ठिकाणी कीथ ओवेन्स यांनी मेकफायलींची सर्वस्वी नवी व्यवस्था मांडली. दोन्ही प्रस्ताव २.५ या विकासमालिकेच्या आरंभी स्वीकारले जातील असे तेव्हा चित्र होते. नोव्हेंबर २००१ मध्ये ती मालिका सुरू झाली, परंतु प्रस्ताव बाहेरच राहिले.

विरोध अनेक प्रकारचा होता. कर्नल बांधण्यासाठी पायथनची नवी आवृत्ती आवश्यक ठरावी हे अनेकांना अमान्य होते. प्रोग्रॅम संथ असल्याची तक्रार होती. रेमंड यांनी भाषेबरोबरच काही पर्यायांचे वर्तनही बदलले होते, त्यामुळे ‘साधन बदलते आहे की धोरण?’ असा संशय निर्माण झाला. जानेवारी २००२ मध्ये त्यांनी ‘टिली मावशी’ या काल्पनिक व्यक्तीचा दाखला दिला. तांत्रिक ज्ञान नसलेल्या या मावशीलाही स्वतःचा कर्नल बांधता आला पाहिजे, यासाठी यंत्रातील भाग आपोआप ओळखणारी सोय हवी, असे त्यांचे म्हणणे होते. मावशीने कर्नल बांधावाच कशाला, वितरकांनी दिलेला मॉड्यूलयुक्त कर्नल तिला पुरेसा आहे, असे उत्तर मिळाले. हे उत्तर व्यवहारतः बरोबर होते. पण ज्ञान असलेल्यांनीच बांधणी करावी हे गृहीतकही त्यात दडलेले होते.

सीएमएल२ पायथनमुळे पडले असे सर्रास सांगितले जाते. कोणी त्याचे कारण रेमंड यांच्या वादप्रिय स्वभावात शोधतात. ही दोन्ही कारणे अपुरी वाटतात, कारण पायथनचा प्रश्न परिषदेच्या वेळीही सर्वांना ठाऊक होता. निर्णायक ठरला तो मालकीचा प्रश्न. नियमांचे भाषांतर रेमंड यांनी स्वतः केले होते आणि ते ज्या एकसंध संचात गुंफले होते त्याची देखभालही तेच करीत. एखाद्या ड्रायव्हरचा लेखक आपला नियम ज्या फायलीत लिहीत आला होता, ती फाइल एका दिवसात रद्द होऊन दुसऱ्याच्या ग्रंथात विलीन होणार होती. टोरवाल्ड्स यांची दिशा नेमकी उलट होती. एका ड्रायव्हरची भर घालण्यासाठी सामायिक फायलींना हात लावावा लागू नये आणि त्याची माहिती त्याच्या संहितेजवळ असावी, असा त्यांचा आग्रह होता. २००२ च्या आरंभी त्यांनी ती अवाढव्य साहाय्यफाइलच फोडून तिचे तुकडे त्या त्या विभागात ठेवविले. भाषांतरकारांना एकत्रित फायलीचा जो लाभ होता तो त्यामुळे संपला, परंतु पुढचा मार्ग निश्चित झाला. बझारचे तत्त्वज्ञान सांगणाऱ्या लेखकाने कॅथीड्रलचा आराखडा आणावा आणि बझारने तो परत पाठवावा, असा हा प्रसंग आहे.

ओवेन्स यांच्या मेकफायलींचे भवितव्यही निराळे नव्हते. त्यांनी संथपणाची तक्रार दूर करण्यासाठी मोठा भाग पुन्हा लिहिला, तरीही एकाच घावात सर्व बदलण्याचा प्रस्ताव स्वीकारला गेला नाही. काय गेर्माशेव्स्की यांनी जुन्याच मेकफायलींत लहान लहान सुधारणा पाठविल्या. त्या एकामागून एक घेतल्या गेल्या आणि २००२ च्या मध्यास ओवेन्स यांचे काम थांबले.

तिसरा प्रस्ताव

रोमन झिपेल यांनी याच काळात सी भाषेत लिहिलेला एक नवा वाचक तयार केला. त्यात पर्यायाचे नाव, त्याचा प्रकार, अवलंबित्व आणि साहाय्यमजकूर ही सर्व माहिती एका नोंदीत एकत्र आली. प्रत्येक विभागाची स्वतंत्र ‘केकॉन्फिग’ फाइल त्याच विभागात राहिली. मजकूर, मेन्यू आणि खिडक्या या तिन्ही प्रकारच्या दर्शनामागे आता एकच वाचक होता, त्यामुळे तीन व्याकरणांचा घोळ मिटला. परंतु झिपेल यांचे खरे चातुर्य भाषेत नसून संक्रमणात होते. त्यांनी जुन्या फायलींचे नव्या भाषेत यांत्रिक रूपांतर करणारा प्रोग्रॅमही दिला. जुन्या नियमांचा अर्थ तसाच राहिला आणि कोणाचाही नियम त्याच्या हातून गेला नाही. ऑक्टोबर २००२ च्या अखेरीस, नव्या सुविधांची दारे बंद होण्याच्या उंबरठ्यावर, २.५.४५ आवृत्तीत ही व्यवस्था दाखल झाली. खिडक्यांच्या दर्शनासाठी वापरलेल्या क्यूटी संचावरून कुरबूर झाली. पुढे जीटीके संचावर आधारित पर्यायी दर्शन आले आणि तो विषय मागे पडला. १७ डिसेंबर २००३ रोजी प्रसिद्ध झालेल्या २.६.० आवृत्तीबरोबर केकॉन्फिग सर्वत्र पोहोचले. बिझीबॉक्स, यू-बूट, कोअरबूट यांसारख्या इतर प्रकल्पांनीही ते उचलले. झेफिर या लघुयंत्रांसाठीच्या ऑपरेटिंग सिस्टीमने तर ते पायथनमधील वाचकासह स्वीकारले. ज्या भाषेचे निमित्त करून सीएमएल२ अडविले गेले तीच ही भाषा, हे येथे नमूद केले पाहिजे.

या यशाची किंमतही होती. केकॉन्फिगमध्ये ‘डिपेंड्स ऑन’ हा अवलंबित्व सांगणारा शब्द आहे, तसाच एक पर्याय निवडताच दुसरा सक्तीने निवडणारा ‘सिलेक्ट’ हा शब्दही आहे. दुसऱ्याच्या अटी पूर्ण होतात की नाही हे ‘सिलेक्ट’ पाहत नाही. परिणामी नियमांनुसार वैध दिसणारी, पण बांधणीच्या वेळी कोसळणारी निवड शक्य होते. नेमकी हीच विसंगती रोखण्यासाठी सीएमएल२ मध्ये तर्कयंत्रणा होती. पर्यायांची संख्या दहा हजारांच्या घरात गेली तेव्हा हा विषय विद्यापीठीय संशोधनाचा झाला. जर्मनीतील एर्लांगेन येथील टार्टलर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये युरोसिस परिषदेत मांडलेल्या शोधनिबंधात नियम आणि संहिता यांतील शेकडो विसंगती दाखवून दिल्या. कोणत्याही निवडीत कधीच समाविष्ट न होणारे संहितेचे तुकडेही त्यांत होते.

कंपायलरची क्षमता आपोआप तपासण्याची सोय केकॉन्फिगमध्ये ऑगस्ट २०१८ मधील ४.१८ आवृत्तीत मासाहिरो यामादा यांच्या प्रयत्नाने आली. टिली मावशीसाठी मागितलेल्या स्वयंशोधाशी तिचे दूरचे नाते आहे, जरी ती यंत्रातील भागांचा नव्हे तर बांधणीच्या साधनांचा शोध घेते. तर्कसंगतीचा प्रश्न मात्र उघडाच राहिला. कर्नलच्या अधिकृत दस्तऐवजात केकॉन्फिगच्या भाषेचे विवरण देताना तिच्या अर्थनियमांची स्पष्टता आणि पूर्ण तर्कपरीक्षक जोडण्याची शक्यता या दोन्ही बाबींवर कोणी काम केल्यास त्याचे स्वागत आहे, अशी नोंद केलेली आढळते.