एका धंद्यावर जगणारं शहर : मनमाड, १९३८ आणि आज

मनमाड संपत चाललं आहे, असं नाशिकमध्ये सर्रास बोललं जातं. रेल्वेत भरती नाही, नळाला पाणी नाही, पोरं शिकली की नाशिक-पुणे गाठतात, आता तिथं ठेवलंय काय, असा एकूण सूर. गंमत म्हणजे असं बोलणाऱ्यांत मनमाडहून उठून इंदिरानगर, सिडको, नाशिकरोडला आलेले आपलेच लोक पुष्कळ आहेत. ज्यांच्या आजोबांनी रुळावर घण मारले, त्यांची नातवंडं आज मनमाडला 'मागासलेलं' म्हणतात.

आम्हाला हा प्रश्न गांभीर्याने घ्यायचा आहे. एकाच धंद्यावर उभं राहिलेलं शहर, तो धंदा आटला की कायमचं उतरणीला लागतं का? शहरांचे तज्ज्ञ याचं उत्तर गुंतवणूक, रस्ते आणि बाजारपेठ यांत शोधतात. ते उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. आमचं म्हणणं असं की, शहर संपतंय का, हे विचारताना ते कोणासाठी संपतंय हेही विचारलं पाहिजे. आणि हा दुसरा प्रश्न विचारण्याची सोय बाबासाहेबांनी खुद्द मनमाडमध्येच करून ठेवली आहे.

रुळांनी घडवलेलं गाव

मनमाड हे नांदगाव तालुक्यातलं गाव. नदीकाठची मोठी बाजारपेठ नाही, राजधानी नाही, तीर्थक्षेत्र नाही. ते मोठं झालं ते ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जीआयपी रेल्वेमुळे. मुंबईहून भुसावळकडे जाणारी लाईन इथून गेली. १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि मनमाड जंक्शन झालं. विसाव्या शतकाच्या आरंभी निजामाच्या राज्यातून, सिकंदराबाद-औरंगाबादकडून येणारी मीटरगेज लाईन इथं येऊन मिळाली. पुलांचे लोखंडी गर्डर बनवणारा रेल्वेचा इंजिनिअरिंग कारखानाही इथेच उभा राहिला.

मीटरगेज आणि ब्रॉडगेज एका ठिकाणी भेटतात, याचा अर्थ काय होतो? एका गाडीतला माल दुसऱ्या गाडीत माणसांच्या पाठीवरून जातो. मराठवाड्याचा माल मनमाडला उतरायचा आणि पुन्हा चढायचा. रुळांच्या रुंदीतला हा फरक इंजिनिअरच्या दृष्टीने अडचण होती, पण शेकडो हमालांसाठी तीच भाकरी होती. शिवाय कोळशाची इंजिनं होती. त्यांना कोळसा लागे, पाणी लागे, राख काढायला माणसं लागत. गावाचा सगळा संसार असा रेल्वेच्या भोवती फिरत होता.

या गावात आपली माणसं आली ती कुठून? आजूबाजूच्या खेड्यांतल्या महारवाड्यांतून. येसकरकी आणि बलुत्याच्या शिळ्या तुकड्यांपेक्षा रुळावरची रोख मजुरी लाख पटीने बरी होती. बाबासाहेबांनी १९१८ सालीच भारतातल्या लहान शेतजमिनींवरच्या निबंधात मांडलं होतं की, शेतीवर पोसली जाणारी जादा माणसं उद्योगाकडे वळवल्याशिवाय शेतीचाही प्रश्न सुटणार नाही. आपल्यासाठी शहर म्हणजे गावगाड्यातून बाहेर पडायची वाट. म्हणूनच एखादं शहर मोडतं तेव्हा आपली ती वाटही बुजते. इतरांसाठी तो अर्थकारणाचा प्रश्न असेल, आपल्यासाठी तो मुक्तीचाही आहे.

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८

मनमाडपासून जवळच असलेल्या येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. आणि १२-१३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडमध्ये जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली.

त्या भाषणातलं एक सूत्र आपल्या पोरांना तोंडपाठ असतं: कामगारांचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. पण सूत्र पाठ करून भागत नाही. त्या सूत्राच्या आधारासाठी बाबासाहेबांनी रेल्वेतल्या कामाचा जो हिशेब मांडला, तो वाचायला हवा.

अस्पृश्य कामगार रेल्वेत बहुतेक गँगमनच का राहतो? तो साधा पोर्टरही का होत नाही? कारण स्टेशनमास्तर पोर्टरला घरकामाला वापरतो, आणि अस्पृश्याला घरात घेता येत नाही. कारकुनाच्या जागी इतर जातींची मॅट्रिक न झालेली माणसं लागतात, मग मॅट्रिक झालेला अस्पृश्य बाहेर का राहतो? कारखान्यात तो मिस्त्री, फोरमन का होत नाही? आणि स्वतःला सगळ्या कामगारांच्या म्हणवणाऱ्या युनियन यावर गप्प का? मुंबईच्या कापड गिरण्यांतही हेच होतं. जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता, कारण तुटलेला धागा तोंडाच्या थुंकीने ओला करून जोडावा लागे आणि त्याला सवर्ण कामगारांना विटाळ वाटे.

म्हणजे उद्योग भरात होता तेव्हाही त्याच्या शिडीवर आपल्याला खालच्या पायरीवरच उभं केलं होतं. शहराच्या उतरणीचा विचार इथून सुरू केला पाहिजे. शिडी कोसळते तेव्हा वरच्या पायरीवरचा माणूस आधीच दुसऱ्या गच्चीवर उडी मारून मोकळा झालेला असतो. त्याच्याकडे शिक्षण, ओळखीपाळखी, गावाकडे जमीन आणि मुंबई-पुण्यात भाऊबंद असतात. खालच्याच्या अंगावर शिडी पडते.

शहर राहिलं, कामगार गेले

हे फक्त मनमाडचं नाही. मुंबईचं गिरणगाव बघा. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. मुंबई उतरणीला लागली का? अजिबात नाही. तिथल्या जमिनीचे भाव गगनाला भिडले. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागांना आणि एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांना जायचा होता. २००१ साली त्या नियमात असा बदल झाला की वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. जिथं भोंगे वाजत होते तिथं मॉल उभे राहिले. शहर वाचलं, ज्यांनी ते उभारलं ते बाहेर फेकले गेले.

सोलापूरची जुनी मिल १८७७ सालची. ती १९६० च्या दशकात बंद पडली. शहर मेलं नाही. पण मिलमधल्या कायम नोकरीची जागा यंत्रमागाच्या कोंदट शेडने आणि घराघरांत बायकांनी वळलेल्या विड्यांनी घेतली.

आता अमेरिकेतलं डेट्रॉईट. मोटारींचं शहर. १९५० साली लोकसंख्या साडेअठरा लाख, २०१० साली सव्वासात लाखांच्या आत. जुलै २०१३ मध्ये महापालिकेने चक्क दिवाळखोरी जाहीर केली. लोक म्हणतात, कारखाने हलले म्हणून शहर बुडालं. पण कृष्णवर्णीय कामगारांना तिथं भट्टी आणि रंगकामासारखी अंग जाळणारी कामं दिली गेली होती, त्यांच्या वस्त्यांना बँका घरकर्ज देत नव्हत्या. गोरी कुटुंबं आपला कर आणि आपल्या शाळा घेऊन उपनगरांत गेली. मागे उरले ते ज्यांना जायची परवानगीच नव्हती ते. तिथला वर्ण आणि इथली जात एक नाही, पण कामाची वाटणी आणि वस्तीची वाटणी एकमेकींच्या हातात हात घालून कशी चालते, हे दोन्हीकडे सारखंच दिसतं.

मनमाडचं काय झालं?

कोळशाची इंजिनं गेली, वीज आणि डिझेल आलं. १९९० च्या दशकात मनमाड-औरंगाबाद मार्ग ब्रॉडगेज झाला. प्रवाशांची सोय झाली, मराठवाड्याची फार जुनी मागणी पूर्ण झाली. पण माल उतरवून पुन्हा चढवण्याचं कामच उरलं नाही. एका मार्गाच्या सुधारणेने दुसऱ्या गावाची हमाली संपवली. सुधारणा नको, असं आम्ही म्हणत नाही. सुधारणेची किंमत कोणी भरली, एवढंच विचारतो आहोत.

त्याच काळात रेल्वेतली माणसं कमी होऊ लागली. १९९०-९१ च्या सुमारास भारतीय रेल्वेत सुमारे साडेसोळा लाख कर्मचारी होते. तीस वर्षांनी ते साडेबारा लाखांच्या आसपास आले. या काळात रेल्वेचा माल वाढला, प्रवासी वाढले, माणसं मात्र घटली. काही कामं यंत्रांनी घेतली आणि बरीच ठेकेदारांनी.

इथं कोणी म्हणेल, हे तंत्रज्ञानाचं आणि धोरणाचं काम आहे, यात जात कुठून आणता? उत्तर सरळ आहे. स्वातंत्र्यानंतर रेल्वेच्या भरतीत आरक्षण आलं. गँगमनचा मुलगा कारकून झाला, नात शिक्षिका झाली. मनमाडच्या वस्त्यांत जे पक्कं घर, जे विहार, जी पुस्तकं दिसतात, त्यांच्यामागे रेल्वेचा पगार आहे. १९३८ साली बाबासाहेबांनी ज्या शिडीवर बोट ठेवलं होतं, तिच्या वरच्या पायऱ्या आत्ता कुठे आपल्याला लागू लागल्या होत्या. आणि नेमक्या त्याच वेळी शिडी काढून घेतली जाऊ लागली. ठेकेदाराने लावलेल्या सफाई कामगाराला ना आरक्षणाची भरती, ना बढती, ना पेन्शन, ना क्वार्टर. काम तेच, अनेकदा माणसाची जातही तीच. फक्त हक्क गेला. घटना न बदलता आरक्षण निकामी करायचं असेल, तर याहून सोपा रस्ता नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. मनमाडची पाणीटंचाई सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. वाघदर्डी धरण आणि पालखेडचं आवर्तन यांच्याकडे डोळे लावून हे गाव दिवस काढतं. उन्हाळ्यात दोन नळांच्या मध्ये कित्येक दिवस जातात. ज्या गावाला प्यायला पाणी नाही, तिथं नवा कारखाना कोण काढणार? एकाच धंद्यावर जगणाऱ्या गावाचा हाच मूळ धोका असतो. रेल्वे आहे ना, मग बाकी कशाची गरज काय, असं म्हणत दशकं जातात आणि दुसऱ्या धंद्याचा पाया घातलाच जात नाही. ज्याच्याकडे पैसे आहेत तो टँकर मागवतो. रुळालगतच्या वस्तीतली बाई हंडा घेऊन रांगेत उभी राहते.

मग मनमाड कायमचं संपणार का? आमचं उत्तर: नाही, तसं ठरलेलं नाही. अन्न महामंडळाची मोठी गोदामं तिथं आहेत, पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत, गर्डरचा कारखाना आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटरच्या मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला मंजुरी दिली, खर्च सुमारे १८ हजार कोटी. जंक्शनला नवा फाटा फुटतो आहे. गाव उभं राहू शकतं. पण गिरणगावाचा धडा लक्षात ठेवा: गाव उभं राहील आणि आपण त्यात नसू, हेही होऊ शकतं.

इंदिरानगरच्या पोरांनो, हसू नका

आम्ही राहतो ते इंदिरानगर. हायवेच्या पलीकडे सिडको, त्यापुढे अंबडची औद्योगिक वसाहत. आपल्याला वाटतं, नाशिक म्हणजे मनमाड नव्हे. इथं द्राक्षं आहेत, नोटांचा छापखाना आहे, ओझरला विमानांचा कारखाना आहे. खरं आहे. पण सातपूर-अंबडच्या किती शेड गाड्यांच्या सुट्या भागांवर चालतात, ते मोजून बघा. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले, आता विजेच्या गाड्या येत आहेत. डिझेल इंजिनाच्या भागांवर जगणाऱ्या कारखान्याचं उद्या काय? आणि त्या शेडमध्ये कायम कोण आणि ठेक्यावर कोण? हजेरीपटावरची आडनावं वाचली तरी १९३८ चं भाषण अजून जुनं झालं नाही, हे कळेल.

म्हणून आम्हाला वाटतं, चळवळीने चार गोष्टी हातात घ्याव्यात. मनमाड-इंदूर मार्गाचं काम ठेक्यावर दिलं तरी त्यात स्थानिक अनुसूचित जाती-जमातींच्या कामगारांना किती आणि कोणती कामं मिळाली, याची माहिती अधिकारात मागणी करावी. रेल्वेच्या रिकाम्या जागा आणि अनुशेष प्रवर्गनिहाय जाहीर करायला लावावा. पाण्याचा प्रश्न नगरपालिकेच्या निवडणुकीपुरता न ठेवता हक्काचा प्रश्न म्हणून लढवावा. चवदार तळ्याचे वारसदार आपण, पाण्याचं राजकारण आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. आणि चौथी गोष्ट, नाशिकच्या औद्योगिक वसाहतींतल्या ठेका कामगारांची संघटना बांधावी, अशी संघटना की जी जातीवरही बोलेल आणि मजुरीवरही. एकावर बोलून दुसऱ्यावर गप्प बसणाऱ्या युनियन बाबासाहेबांनी १९३८ सालीच ओळखल्या होत्या.

दरवर्षी १३ ऑक्टोबरला आपण येवल्याला जातो. जायलाच हवं. पण येवल्याहून परतताना वाकडी वाट करून मनमाडला उतरा. पुतळ्याला हार घाला आणि मग रुळालगतच्या वस्तीत जाऊन विचारा, घरातल्या शेवटच्या माणसाला रेल्वेत कायमची नोकरी कोणत्या साली लागली? त्या वर्षांची यादी करा. मनमाडच्या उतरणीचा खरा इतिहास त्या यादीत लिहिलेला असेल आणि पुढच्या लढ्याचा कार्यक्रमही.

जय भीम!